टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के: गेमिंग कॉम्प्युटरच्या मंद हार्ड डिस्कचे निदान

प्रश्न थोडक्यात असा: विंडोज लहान एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या वेगवान ड्राइव्हवर) आहे, गेम्स २ टीबीच्या हार्ड डिस्कवर. पूर्वी ठीक चालणारे गेम आता लोड व्हायला कितीतरी मिनिटे घेतात, खेळताना मधेच चित्र गोठते आणि टास्क मॅनेजर उघडला की डिस्कसमोर १०० टक्के दिसतात. एकाने विंडोज नव्याने टाकायला सांगितले, दुसऱ्याने डिस्क काढून एसएसडी घ्यायला. कोणाचे ऐकावे?

आज तरी कोणाचेच नको. डिस्क मंद वाटण्यामागे तीन तऱ्हेची कारणे असतात. एक तर डिस्क किंवा तिची जोडणी बिघडलेली असते. नाहीतर दुसराच एखादा प्रोग्राम तिला राबवत असतो. किंवा डिस्क धडधाकट असते, पण गेम तिच्याकडून तिला न झेपणारे काम मागत असतो. तिन्ही वेळा टास्क मॅनेजर १०० टक्केच दाखवतो, उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. बिघडलेल्या डिस्कवर धडधाकट डिस्कचे उपाय केले तर डेटा हातचा जाऊ शकतो.

म्हणून निदानाआधी एक काम करा. कारण कळेपर्यंत डिस्क मरणपंथाला लागली आहे असे धरून चाला आणि पुन्हा मिळणार नाही ते सगळे आजच दुसरीकडे उतरवून घ्या. गेम्स नव्हेत, ते परत डाउनलोड होतात. शेकडो जीबीचे गेम कॉपी करत बसलात तर आजारी डिस्कचे उरलेसुरले आयुष्य त्यातच संपेल. सेव्ह फाइल्स, जमवलेले मॉड्स (गेममध्ये बदल करणाऱ्या फाइल्स) आणि त्यांची सेटिंग्ज, रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि त्याच डिस्कवर असतील तर घरचे फोटो, एवढे आधी वाचवा. सेव्ह फाइल्स बहुतेक वेळा डॉक्युमेंट्स, सेव्हड गेम्स किंवा ॲपडेटा या फोल्डरांत असतात, पण जुन्या गेमांचे सेव्ह गेमच्याच फोल्डरात सापडतात. दोन्हीकडे पाहा. क्लाउड सेव्हची सोय प्रत्येक गेमला नसते, तेव्हा ती आहे असे गृहीत धरू नका.

आणखी एक खुलासा. गेमचे एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रे) सतत कमी असतील, म्हणजे एकाच जागी उभे राहिल्यावरही खेळ जड चालत असेल, तर डिस्कचा त्यात हात नसतो. ते ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर किंवा तापमानाचे प्रकरण आहे. डिस्क मंद असली की लोडिंग लांबते, भिंती-जमिनींचे टेक्स्चर उशिरा उमटतात आणि नव्या भागात शिरताना क्षणभर चित्र थबकते. तुमच्या वर्णनात लोडिंग आणि गोठणे दोन्ही आहे, तेव्हा डिस्ककडे बघणे योग्यच.

टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स टॅबवर जाऊन डावीकडे ती हार्ड डिस्क निवडा आणि गेम लोड होत असताना आकडे वाचा. १०० टक्के हा ॲक्टिव्ह टाइम आहे, म्हणजे डिस्क किती वेळ कामात होती तेवढेच तो सांगतो. काम किती झाले ते शेजारच्या रीड आणि राइट स्पीडवरून कळते, आणि प्रत्येक मागणीला उत्तर मिळायला किती वेळ लागला ते ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइमवरून. खरे निदान हे आकडे एकत्र वाचण्यात आहे.

१०० टक्के, रीड १५० एमबी प्रति सेकंद, रिस्पॉन्स टाइम २०-३० मिलिसेकंद: ही निरोगी डिस्क आहे आणि पूर्ण वेगाने पळते आहे. १०० टक्के, रीड जेमतेम २-३ एमबी, रिस्पॉन्स टाइम काही दहा मिलिसेकंद: हीसुद्धा बहुधा निरोगीच, पण तिला इकडचा कण तिकडचा कण वेचायला लावले आहे. १०० टक्के, रीड जवळपास शून्य आणि रिस्पॉन्स टाइम हजारो मिलिसेकंदांत: इथे मात्र काहीतरी मोडले आहे. या तिसऱ्या चित्राला एकच मोठा अपवाद आहे, तो एसएमआर नावाच्या तंत्राच्या डिस्कवर लिहिण्याचा. त्याकडे पुढे येतो.

मधले चित्र पाहून पुष्कळ जण घाबरतात, म्हणून त्यामागचे गणित सांगतो. हार्ड डिस्कची ७२०० आरपीएमची (मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांची) तबकडी सेकंदाला १२० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद. हवा तो सेक्टर (डेटाचा छोटा कप्पा) हेडखाली, म्हणजे वाचणाऱ्या टोकाखाली, येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी हेड योग्य ट्रॅकवर (तबकडीवरच्या गोल पट्टीवर) न्यायला आणखी ८-९ मिलिसेकंद. एका विखुरलेल्या वाचनाला अशी सुमारे १३ मिलिसेकंद लागली की सेकंदाला ७०-८० वाचने होतात, त्याहून जास्त नाही. प्रत्येक वाचन ४ केबीचे असेल तर वेग एक एमबीच्याही खाली येतो. तीच डिस्क सलग फाइल वाचताना १५०-२०० एमबी देते. ५४०० आरपीएमची डिस्क असेल तर हे आकडे आणखी उतरतात. सेटिंग्ज कितीही बदला, हे गणित बदलत नाही.

आता डिस्कची तब्येत पाहू. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली स्मार्ट नोंद दाखवते. वरच्या ‘गुड’ या निळ्या चौकोनावर विसंबू नका. खालच्या तक्त्यातल्या ०५, सी५, सी६ आणि सी७ या चार ओळी आणि त्यांची शेवटच्या स्तंभातली कच्ची किंमत (रॉ व्हॅल्यू) वाचा. ती मुळात हेक्साडेसिमलमध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) दिसते. फंक्शन मेनूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन ती दशमान करून घ्या, नाहीतर १० दिसले म्हणजे १६ आहेत हे लक्षात येत नाही. सीगेटच्या डिस्कवर ०१ आणि ०७ या ओळींत कोट्यवधींचे आकडे दिसतात. त्या कंपनीची नोंदवण्याची पद्धतच तशी आहे, त्याने घाबरू नका.

०५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकाल लागायचे राहिलेले सेक्टर, आणि सी६ म्हणजे प्रयत्न करूनही दुरुस्त न झालेले. मंदपणाच्या दृष्टीने सी५ सर्वांत बोलकी ओळ आहे. असा सेक्टर वाटेत आला की डिस्क हार मानत नाही, तोच तुकडा पुन:पुन्हा वाचून पाहते. घरगुती वापराच्या डिस्क एका सेक्टरवर कित्येक सेकंद घालवतात, आणि तेवढा वेळ रांगेतल्या बाकीच्या मागण्या ताटकळतात.

याचा एक ठळक माग तुम्हाला घरबसल्या काढता येतो. गेम दर वेळी त्याच ठिकाणी गोठतो का? त्याच दारातून आत जाताना, तोच शत्रू समोर येताना? मग स्टीममध्ये (गेम विकत घेण्याच्या आणि चालवण्याच्या ॲपमध्ये) त्या गेमच्या फाइल्स तपासायचा पर्याय चालवा आणि टक्केवारी बघत राहा. दर वेळी त्याच टक्क्यावर अडकत असेल, तर त्या टेक्स्चरची किंवा आवाजाची फाइल खराब सेक्टरवर बसली आहे. स्टीम खराब फाइल पुन्हा उतरवून घेते, आणि त्या जागी नवे काही लिहिले गेले की डिस्क तो सेक्टर एकतर सुधारून घेते किंवा बदलून टाकते. त्यामुळे गेम काही दिवस सुरळीतही चालू लागतो. पण डिस्क बरी झाली असा अर्थ त्यातून काढू नका.

माझा नियम असा: ०५ मध्ये छोटा आकडा असेल आणि महिनोन्महिने हलत नसेल, तर ती डिस्क परत डाउनलोड होणाऱ्या गेमांसाठी वापरायला हरकत नाही. आकडा वाढतो आहे किंवा सी५, सी६ मध्ये काही आहे, तर तिच्यावर नवीन काही ठेवू नका आणि बदलायच्या तयारीला लागा. टकटक असा ठरावीक लयीतला आवाज येत असेल तर आकड्यांचीही वाट पाहू नका.

अशा डिस्कवर चेकडिस्कची खराब सेक्टर शोधणारी तपासणी चालवा असा सल्ला सर्रास दिला जातो. बॅकअप झालेला नसताना तो अजिबात मानू नका. ती तपासणी अख्खी डिस्क कडेपासून कडेपर्यंत वाचायला लावते, आणि आधीच धापा टाकणारी डिस्क त्यात कायमची बसू शकते. डीफ्रॅगमेंट आणि वेगमापनाच्या चाचण्यांनाही हेच लागू. आधी डेटा बाहेर, मग हवे ते प्रयोग.

सी७ ही ओळ वेगळी आहे आणि सर्वांत दुर्लक्षित. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत डेटा किती वेळा बिघडून पोचला, त्याची ती मोजणी आहे. याचा अर्थ तबकडी ठीक आहे, वाट खराब आहे. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे नुसता असणे हा पुरावा नव्हे. आजचा आकडा लिहून ठेवा, नेहमीसारखे खेळा आणि काही दिवसांनी पुन्हा पाहा. वाढला असेल तर साटा केबल (डिस्क आणि मदरबोर्ड जोडणारी डेटाची तार) बदला आणि मदरबोर्डवरचे दुसरे पोर्ट वापरा.

अशीच एक मशीन माझ्याकडे आली होती. स्मार्टमध्ये ०५, सी५, सी६ शून्य, सलग वाचनाचा वेग उत्तम, पण खेळताना मधेच अर्धा मिनिट सगळे ठप्प आणि मग जणू काही झालेच नाही असे पुढे चालू. मालकाने नवी डिस्क पाहूनही ठेवली होती. कॅबिनेटची मागची बाजू उघडली तर साटा केबल मदरबोर्डच्या पत्र्यामागून काटकोनात दुमडून नेलेली, आणि बाजूचे झाकण तिच्यावर दाबून बसवलेले. केबलवर वळ उठला होता. दुसरी केबल मोकळ्या वळणाने टाकली, सी७ वाढायचा थांबला आणि गोठणेही थांबले. कॅबिनेट नीटनेटके दिसावे म्हणून तारा कोंबायची आपल्याला सवय असते. साटा केबलला मात्र ते मानवत नाही.

या निदानाला विंडोजची साक्षही काढता येते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्स, मग सिस्टम उघडा आणि गेम गोठला त्या वेळेच्या नोंदी पाहा. ‘डिस्क’ या स्रोताची ७ क्रमांकाची नोंद म्हणजे खराब ब्लॉक. १५३ म्हणजे एखादे वाचन किंवा लेखन पुन्हा करावे लागले. १२९ म्हणजे डिस्कने उत्तरच दिले नाही, म्हणून विंडोजने तिला रीसेट केले. फक्त ७ दिसत असतील तर तबकडीकडे बोट दाखवा. स्मार्ट स्वच्छ असून १२९ आणि १५३ जोडीने येत असतील, तर केबल, पोर्ट किंवा वीज.

विजेचा मुद्दा गेमिंग मशीनमध्ये विशेष लागू पडतो. खेळताना ग्राफिक्स कार्ड एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) एकदम ताण टाकते. त्यात डिस्कची पॉवर केबल ढिली असेल किंवा एकाच तारेला दुहेरी-तिहेरी जोड लावले असतील, तर डिस्क क्षणभर बंद पडून पुन्हा चालू होते. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये वर उजवीकडे पॉवर ऑन काउंट असतो. खेळण्याआधी तो टिपून ठेवा. कॉम्प्युटर बंद किंवा स्लीप न करता तो आकडा वाढला, तर डिस्कची वीज मधेच तुटते आहे. अशा वेळी तिला एसएमपीएसमधून सरळ येणारी, बिनजोडाची तार द्या.

तब्येत आणि जोडणी ठीक निघाली की मग दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रामचा त्रास आहे का ते शोधायचे. रिसोर्स मॉनिटरच्या डिस्क टॅबमध्ये कोणता प्रोग्राम कोणती फाइल वाचतो किंवा लिहितो, ते नावानिशी दिसते. गेम लोड होत असताना तिथे गेमच्याच फाइल्स वर दिसायला हव्यात. दुसऱ्याच गेमचे अपडेट, क्लाउड सिंक, अँटिव्हायरसची तपासणी किंवा त्याच डिस्कवर चाललेले स्क्रीन रेकॉर्डिंग दिसले, तर एकाच हेडला दोन-तीन दिशांना पळावे लागते आहे. हार्ड डिस्कवर दोन सलग कामे एकदम चालवली की वेग निम्म्यावर थांबत नाही, त्याहून पुष्कळ खाली जातो, कारण बराचसा वेळ नुसत्या ये-जा करण्यात जातो. गेम ज्या हार्ड डिस्कवर आहे तिच्यावरच खेळताना रेकॉर्डिंग करू नका. खेळताना बाकीची डाउनलोड थांबवण्याची सेटिंग स्टीममध्ये आहे, ती वापरा.

यादीत पेजफाइल वारंवार दिसली तर रोग डिस्कचा नाही, रॅम पुरत नाही. ८ जीबी रॅममध्ये आजचा मोठा गेम आणि मागे उघडा ठेवलेला ब्राउझर मावत नाहीत, आणि विंडोज उरलेले डिस्कवर उतरवते. पेजफाइल हार्ड डिस्कवर असेल तर ती एसएसडीवर हलवा, आणि जमेल तेव्हा रॅम वाढवा. नवी हार्ड डिस्क घेऊन हा त्रास रतीभरही कमी होणार नाही.

अँटिव्हायरसच्या तपासणीतून गेमचा फोल्डर वगळल्याने हजारो छोट्या फाइल्सच्या गेमांना फरक पडतो. फक्त अधिकृत दुकानातून घेतलेल्या गेमांपुरतेच हे करा. अनोळखी ठिकाणचे मॉड्स ज्या फोल्डरात येतात तो वगळणे म्हणजे दार उघडे टाकणे.

आता एसएमआर. या डिस्कमध्ये लिहिलेले ट्रॅक छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे त्याच तबकडीवर जास्त डेटा मावतो, पण मधला एक ट्रॅक बदलायचा तर पुढचा सगळा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. डिस्क आधी नवे लेखन एका वेगळ्या जागेत घेते आणि सवडीने नीट लावते. सवड मिळाली नाही आणि ती जागा भरली, की लेखनाचा वेग कोसळतो, रिस्पॉन्स टाइम सेकंदांत जातो. वाचनाला सहसा काही होत नाही. वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा या तिन्ही कंपन्यांनी काही मॉडेलमध्ये हे तंत्र ग्राहकांना स्पष्ट न सांगता वापरल्याचे २०२० मध्ये उघड झाले, आणि त्यानंतर कोणते मॉडेल एसएमआर आहे याच्या याद्या त्यांनी प्रसिद्ध केल्या. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसणारा पूर्ण मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत शोधा.

गेम अपडेट हे एसएमआरचे सर्वांत वाईट दुखणे. स्टीम अपडेट करताना बदललेली मोठी फाइल जुनीच्या शेजारी नव्याने बांधते आणि मग जागेवर आणून ठेवते. डाउनलोड काही शे एमबीचे असले तरी डिस्कवर कित्येक जीबी वाचले आणि लिहिले जातात. नेटवर्क शून्य, डिस्क १०० टक्के, आणि अपडेट तासभर हलत नाही, ते यामुळे. डिस्क एसएमआर असेल तर अपडेट रात्री लावा, आणि ते संपल्यावर कॉम्प्युटर लगेच बंद न करता थोडा वेळ रिकामा चालू ठेवा, म्हणजे तिला आवरायला सवड मिळते.

काही कारणे लवकर तपासून होतात. बराच वेळ शांत खेळल्यावर अचानक काही सेकंद गोठते आणि डिस्क सुरू झाल्याचा आवाज येतो, असे होत असेल तर विंडोज तिला झोपवते आहे. बॅलन्स्ड पॉवर प्लॅनमध्ये हार्ड डिस्क बंद करण्याची मुदत सहसा २० मिनिटांची असते. ती ० करा, म्हणजे ती कधीच बंद होणार नाही. डिस्क बाहेरून यूएसबीने जोडलेली असेल आणि वेग ३५-४० एमबीवर सपाट अडकला असेल, तर ती यूएसबी २.० पोर्टमध्ये आहे.

डिस्क गच्च भरली असेल तर दोन तोटे होतात. तबकडीच्या बाहेरच्या कडेला वेग जास्त आणि आतल्या कडेला जवळपास निम्मा असतो, आणि शेवटी भरलेले गेम सहसा आत जातात. शिवाय सलग मोकळी जागा नसल्याने नव्या फाइल्सचे तुकडे होतात. १५ टक्के जागा मोकळी करा आणि मगच विंडोजचे ऑप्टिमाइझ ड्राइव्हज चालवा. वर्षानुवर्षे अपडेट घेत आलेल्या गेमला याने फरक जाणवतो, पण चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

कंपनाचाही विचार करा. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टम्समधले अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी चालू डिस्कच्या रॅकसमोर जोरात ओरडून दाखवले होते, आणि ओरडताच डिस्कचा प्रतिसाद लांबल्याचे आलेखावर दिसले होते. कॅबिनेटला चिकटून सबवूफर ठेवला असेल किंवा डिस्क एकाच स्क्रूवर लोंबकळत असेल, तर तेवढे आधी नीट करा.

हे सगळे तपासूनही डिस्क निरोगी निघाली आणि वर सांगितलेले मधले चित्रच कायम राहिले, तर अडचण तिसऱ्या तऱ्हेची आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स एसएसडीसह आले, आणि तेव्हापासून मोठे गेम एसएसडी धरूनच बांधले जाऊ लागले. २०२३ मध्ये आलेल्या स्टारफील्ड आणि बाल्डर्स गेट ३ यांनी आवश्यक गोष्टींत एसएसडी लिहिली, आणि सायबरपंक २०७७ ने त्याच वर्षी आपल्या किमान गरजांतून हार्ड डिस्क वगळली. चालता चालता जग समोर उलगडणाऱ्या अशा गेमला सेकंदाला ७०-८० वाचने पुरत नाहीत, डिस्क कितीही नवी असली तरी. तेव्हा दुसरी हार्ड डिस्क घेऊ नका, एसएसडीच घ्या. साटा एसएसडी कमाल ५५० एमबीच्या आसपास देते, तरी हार्ड डिस्कवरून येणाऱ्याला तिचा फरक लगेच जाणवतो, कारण खरा लाभ विखुरलेल्या वाचनांत आहे. एनव्हीएमई (मदरबोर्डवर थेट बसणारी एसएसडी) कागदावर कितीतरी पट वेगवान दिसते, पण साटा एसएसडीशी तुलना करता बहुतेक गेमांच्या लोडिंगमध्ये फरक थोडकाच पडतो. किमतीत फारसे अंतर नसेल आणि मदरबोर्डवर जागा असेल तर एनव्हीएमई घ्या, नाहीतर साटावर समाधान माना.

विंडोज नव्याने टाकायची गरज तुमच्या मांडणीत पडतच नाही, कारण ते आधीच वेगळ्या एसएसडीवर आहे. स्टीमच्या स्टोरेज सेटिंगमध्ये नव्या ड्राइव्हवर लायब्ररी करा आणि सध्या खेळता तेवढेच गेम तिकडे हलवा. हार्ड डिस्कची स्मार्ट नोंद खराब असेल तर हलवू नका, नव्या ड्राइव्हवर ताजे डाउनलोड करा. अर्ध्यात अडकलेल्या कॉपीपेक्षा ते कितीतरी वेळा लवकर होते. नोंद स्वच्छ असेल तर हार्ड डिस्क कॅबिनेटमध्येच राहू द्या: जुने, छोटे, टूडी गेम तिच्यावर आजही छान चालतात, आणि रेकॉर्डिंग साठवायला ती उत्तम आहे. महिन्यातून एकदा सी५ आणि सी७ वर नजर टाकत जा.